टाळेबंदीचे पहिले दिवस : घराघरांत उघडलेला दवाखाना

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता. नागपुरात नेहमीसारख्या गुढ्या उभ्या राहिल्या, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या चार तासांत, मध्यरात्रीपासून ती लागू झाली. नागपूरकरांसाठी दारे त्याआधीच एकेक करून बंद होत आली होती. १३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला आणि मुंबई-पुण्याबरोबर नागपुरातलीही चित्रपटगृहे, व्यायामशाळा, जलतरण तलाव बंद झाले. पाठोपाठ शाळा बंद झाल्या. २० मार्चला शहरातली कार्यालये आणि अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद करण्याचा आदेश निघाला. २२ मार्चला जनता कर्फ्यू पाळला गेला, २३ मार्चला राज्यभर संचारबंदी लागली. दहावीच्या मुलांचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला.

त्या दिवसांची आठवण निघाली की बोलणे बहुधा थाळ्या, दिवे, डालगोना कॉफी आणि ‘रामायणा’च्या पुनःप्रक्षेपणाकडे वळते. वैद्यकीयदृष्ट्या मात्र त्या पहिल्या तीन आठवड्यांत एक वेगळीच गोष्ट घडली. जी कामे एरवी दवाखाना, शाळा, स्वयंपाकीण, औषध दुकान, सकाळचा बगिचा आणि शेजारी मिळून करत, ती सगळी एका रात्रीत घरावर येऊन पडली. विलगीकरण घरात, नाडी-ताप पाहणे घरात, मधुमेहाचे पथ्य घरात, मुलांची शाळा घरात आणि भीतीवरचा उपायही घरातच. प्रत्येक घर म्हणजे एक छोटा दवाखाना झाले, पण त्याला ना प्रशिक्षण होते ना सामग्री. काही घरांनी हा भार पेलला, काही त्याखाली वाकली. हा फरक शिस्तीमुळे पडला, असे सरसकट म्हटले जाते. नीट पाहिले तर तो चार-पाच साध्या गोष्टींमुळे पडला होता, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आधी तयार ठेवता येतात.

घरातच राहा, पण का?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. नागपुरातला पहिला रुग्ण निश्चित झाला तो त्याच दिवशी. तो अमेरिकेहून परतलेला होता. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याच्या निकटच्या सहवासातल्या, घरातल्या व्यक्तीसह आणखी काही जणांचे अहवाल सकारात्मक आले. विषाणू शहरात कसा पसरणार याचा नकाशाच जणू या पहिल्या काही अहवालांत होता. तो प्रवासातून येतो आणि उंबरठ्याच्या आत वाढतो.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जातात, काहींत ही मुदत १४ दिवसांपर्यंत लांबते. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्यामुळे ‘आजारी तेवढे वेगळे ठेवा’ हा जुना उपाय अपुरा पडत होता. सगळ्यांनाच आपापल्या घरी थांबवले तर विषाणूचा एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा मार्ग तुटतो, हा टाळेबंदीमागचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. पण त्याचा दुसरा भाग लोकांना कोणी फारसा समजावून सांगितला नाही. घराघरांमधला मार्ग तुटला, तरी ज्या घरात विषाणू आधीच शिरला आहे, त्या घरातली माणसे आता चोवीस तास एकमेकांसोबत राहणार होती.

हा धोका किती होता, याचे उत्तर पुढे मिळाले. २०२० च्या अखेरीस ५४ अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. त्यात ७७ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. घरात एक रुग्ण असेल तर इतर सदस्यांपैकी सरासरी १६.६ टक्के लोकांना संसर्ग होत असल्याचे त्यात दिसले, म्हणजे सहा जणांपैकी एकाला. रुग्णाच्या पती किंवा पत्नीच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. हे आकडे साथीच्या सुरुवातीच्या विषाणूचे. पुढच्या उपप्रकारांत घरातला संसर्ग बराच वाढला. या आकडेवारीला दुसरी बाजूही आहे. रुग्ण घरात असूनही बहुसंख्य सदस्य वाचू शकत होते. त्यासाठी खोली, हवा आणि अंतर यांची सोय हवी होती.

खोली कोणाकडे होती?

परदेशातून आलेल्यांना घरी विलग ठेवताना राज्यात मार्चच्या मध्यापासून त्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला जाऊ लागला. काहींना आमदार निवासात ठेवले गेले. घरी राहणाऱ्यांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना स्पष्ट होती : हवेशीर स्वतंत्र खोली, शक्यतो स्वतंत्र शौचालय, खोलीत दुसऱ्या कोणाला राहावेच लागले तर किमान एक मीटर अंतर, आणि सेवेसाठी घरातली एकच ठरलेली व्यक्ती.

धरमपेठेतल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे जमण्यासारखे होते. पण २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. जिथे सहा-सात माणसे एका खोलीत झोपतात, नळ सामाईक आहे आणि शौचालयाला रांग लागते, तिथे ‘स्वतंत्र खोली’ हे शब्द कागदावरच राहतात. नागपुरातला पहिला कोरोना मृत्यू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नोंदला गेला. रुग्ण सतरंजीपुऱ्यातला होता. त्यानंतर सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या दाट वस्त्यांत रुग्ण वाढत गेले, गल्ल्या बांबू आणि पत्रे लावून बंद झाल्या, आणि शेकडो लोकांना घरातून उचलून संस्थात्मक विलगीकरणात न्यावे लागले. त्या वस्त्यांवर तेव्हा बेशिस्तीचा शिक्का बसला. संसर्गाचे गणित मात्र चौरस फुटांत मोजता येण्यासारखे होते.

जिथे वेगळी खोली नव्हती, तिथेही काही गोष्टी शक्य होत्या. आजारी माणसाची खाट खिडकीजवळ आणि इतरांची दाराकडे, डोक्याकडे डोके न करता पायांकडे डोके करून झोपणे, जेवणाची वेळ वेगळी, खोकणाऱ्याबरोबर घरातल्या इतरांच्या तोंडावरही दुपदरी कापड. असे साधे उपाय त्या दिवसांत मोठ्या अक्षरांत लोकांपर्यंत पोचायला हवे होते. प्रत्यक्षात घरातल्या स्त्रियांचा वेळ गेला तो भाजी साबणाने धुण्यात, दुधाच्या पिशव्या पुसण्यात आणि वर्तमानपत्राला इस्त्री करण्यात. पृष्ठभागांवरून होणारा प्रसार फार थोडा असतो, मुख्य मार्ग श्वासातून बाहेर पडणारे थेंब आणि बंद हवेत तरंगणारे सूक्ष्म कण हाच आहे, हे नंतर पक्के झाले. साबणाने हात धुणे तेव्हाही योग्य होते, आजही आहे. भाजीला मात्र स्वच्छ पाणी पुरते.

कूलर लावायचा की नाही?

मार्च संपता संपता नागपुरात दरवर्षी एक काम निघते. माळ्यावरचा कूलर खाली उतरवायचा, जुनी ताटी काढून नवी खस किंवा वूड वूल भरायची, मोटर तपासायची. त्या वर्षी ताट्यांची दुकाने बंद, मिस्त्री घरात आणि वर भीती वेगळीच, की कूलरने विषाणू पसरतो का?

या प्रश्नाचे उत्तर हवा कुठून येते यावर अवलंबून असते. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. समोरचे दार किंवा दुसरी खिडकी उघडी असेल तर आतली हवा बाहेर निघून जाते, आणि अशा खोलीत विषाणूचे कण साचत नाहीत. हाच कूलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावल्या, तर तो तीच ती हवा फिरवतो आणि दमटपणाही वाढवतो. बंद खोलीतला एसी हेच करतो. वातानुकूलन अभियंत्यांच्या भारतीय संघटनेने एप्रिल २०२० मध्ये दिलेल्या सूचनेतही कूलरने बाहेरची हवा घ्यावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, असेच म्हटले होते. विदर्भातले गरिबाघरचे हे यंत्र योग्य जागी बसवले तर हवा खेळती ठेवण्याचे उत्तम साधन ठरते. फ्लू, गोवर, क्षयरोग अशा हवेतून पसरणाऱ्या इतर आजारांनाही हाच नियम लागू आहे. कूलरची टाकी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायला हवी, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

औषधांचा डबा

पहिल्या आठवड्यात सर्वांचे लक्ष एका विषाणूकडे होते. पण घरातले बाकीचे आजार टाळेबंदीत थांबले नव्हते. आजोबांचा रक्तदाब, आजीचे इन्सुलिन, आठवड्यातून दोन-तीनदा होणारे कुणाचे डायलिसिस, विदर्भात घरोघरी आढळणारा सिकलसेल, थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-तीन आठवड्यांनी लागणारे रक्त, क्षयरोगाच्या रोजच्या गोळ्या. हे सगळे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी मिळण्यावर चालत होते. औषधांची दुकाने बंदीतून वगळलेली होती. पण ऑटो नव्हता, बस नव्हती, नाक्यावर पोलिस अडवतील ही भीती होती आणि रक्तदान शिबिरेही थांबली होती.

याचा परिणाम मोजला गेला आहे. राजस्थानातल्या शासकीय विमा योजनेतील डायलिसिस रुग्णांच्या एका पाहणीत टाळेबंदीमुळे दर १०० पैकी ६३ रुग्णांच्या उपचारात खंड पडल्याचे दिसले. वाहनाचा अभाव, रुग्णालयातली सेवा बंद असणे आणि वाढलेले दर ही त्यामागची कारणे होती. देशात क्षयरोगाच्या नव्या रुग्णांची नोंद २०२० मध्ये आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने घटली. क्षयरोग कमी झाला नव्हता, रुग्ण तपासणीपर्यंत पोचतच नव्हते आणि घरात खोकत होते. हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्याही देशभरातल्या रुग्णालयांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांशाने खाली आल्याचे आढळले. झटके थांबले होते, असे मानायला काहीच आधार नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाने ‘ॲसिडिटी असेल, रुग्णालयात गेलो तर कोरोना लागेल’ असे म्हणून रात्र काढली आणि रक्तवाहिनी उघडण्याची वेळ निघून गेली, हे त्यातल्या बऱ्याच प्रकरणांचे स्वरूप होते.

अफवांनी औषधांच्या डब्यातही हात घातला. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी कोरोना बळावतो, असे संदेश मार्चमध्ये फिरू लागले. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ‘गोळ्या थांबवू नका’ असे तातडीने सांगितले, आणि पुढच्या अभ्यासांनी त्यांचेच म्हणणे खरे ठरवले. २३ मार्चला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी आरोग्य कर्मचारी आणि रुग्णाच्या घरातले निकटवर्तीय यांच्यापुरती सुचवली. ती ज्यांच्यासाठी सुचवली नव्हती, त्यांनीही दुकानांतून उचलली. तीन दिवसांत सरकारला तिच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले. संधिवात आणि ल्युपसच्या ज्या रुग्णांचे रोजचे आयुष्य या गोळीवर चालते, त्यांची मात्र तिच्यासाठी धावपळ झाली. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर तिचा उपयोग दिसला नाही.

त्याच पाडव्याच्या दिवशी एक चांगली गोष्टही घडली. २५ मार्च २०२० रोजी देशात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडीओवर सल्ला द्यावा, चिठ्ठीचे छायाचित्र पाठवावे आणि ते दुकानात चालावे, याला त्यामुळे स्पष्ट आधार मिळाला. काटोल किंवा उमरेडच्या रुग्णाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवण्यासाठी नागपूरला येण्याची गरज राहिली नाही. गुंगीची आणि अमली वर्गातली औषधे मात्र या मार्गाने देता येत नाहीत, आणि छातीत दुखणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे अशा वेळी फोनवरचा सल्ला पुरेसा नसतो.

हा दवाखाना चालवत कोण होते?

घर हा दवाखाना झाला, तर त्यातली परिचारिका, स्वयंपाकी, सफाई कामगार आणि शिक्षिका कोण, याचे उत्तर बहुतेक घरांत एकच होते. टाळेबंदीच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, देशात वेळेच्या वापराची राष्ट्रीय पाहणी झाली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. शिवाय घरकामात हात लावणारे पुरुष मुळातच थोडे होते. त्यानंतर कामवाल्या बाईंना सोसायटीच्या फाटकावर थांबवले गेले, सगळी माणसे तिन्ही त्रिकाळ घरी जेवू लागली, भांड्यांचा ढीग दुप्पट झाला आणि चहाच्या फेऱ्या मोजणे सुटले.

याला आरोग्याचा प्रश्न म्हणायचे ते दोन कारणांसाठी. पहिले, सतत उभे राहून केलेले काम, अपुरी झोप आणि उरलेसुरले अन्न यांनी त्याच घरातल्या पन्नाशीच्या बाईचा रक्तदाब आणि साखर वाढते, आणि तिच्या गोळ्या सर्वांत शेवटी आणल्या जातात. दुसरे, साथीच्या काळात सेवा करणारी व्यक्ती आजारी पडली तर पूर्ण घर कोसळते. दवाखान्यात पाळ्या लावतात, त्या याच कारणाने. ज्या घरांत त्या दिवसांत केर, भांडी, स्वयंपाक आणि आजींचे औषध यांच्या पाळ्या लागल्या, तिथे भांडणे थांबली नसतील, पण कोणी एक जण पार थकून गेला नाही. कामवाल्या बाईंच्या स्वतःच्या घरी प्रश्न वेगळाच होता. तिथे पगार बंद झाला होता आणि धान्याच्या डब्याचा तळ दिसत होता. ज्या कुटुंबांनी त्यांचा महिना कापला नाही, त्यांनी नकळत एका घरातल्या मुलांचे पोषण सांभाळले.

दिवस-रात्रीचा घोळ

पहिल्या आठवड्यातच घराघरांतली घड्याळे सरकली. सकाळी सहाला फुटाळ्यावर चालायला जाणारे आठला उठू लागले, मुले रात्री दोनपर्यंत मोबाइलवर. शरीरातले घड्याळ मुख्यतः सकाळच्या उजेडावर चालते. डोळ्यांवर सकाळी ऊन पडले की मेंदूतले मेलाटोनिन उतरते आणि साधारण चौदा-पंधरा तासांनी पुन्हा चढू लागते. उजेड उशिरा मिळाला की झोपही उशिरा येते, जेवण पुढे सरकते, मधुमेहींची साखर हलते आणि चिडचिड वाढते. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता सुरू झाले. अनेक घरांत दिवसाला पुन्हा दोन खुंट्या मिळाल्या त्या त्यामुळे. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसणे ही मनाच्या स्वास्थ्यासाठी मोठी गोष्ट असते. मग ते मालिकेसाठी असो, कॅरमसाठी असो की गच्चीवर कुरड्या घालण्यासाठी.

आजी-आजोबांना सर्वांत जपले गेले आणि सर्वांत जास्त बसवूनही ठेवले गेले. वयस्क माणसाला दहा दिवस पूर्ण अंथरुणात ठेवले तर पायांतले सुमारे एक किलो स्नायू जातात, असे एका प्रयोगात दिसले आहे. घरी बसणे म्हणजे अंथरुणात पडणे नव्हे. तरी बगिचातला फेरा, देऊळ, भाजीबाजार हे सगळे एकदम थांबले की गुडघे आखडतात, तोल जातो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते. घरातल्या घरात तासाला पाच मिनिटे चालणे आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे एवढे केले तरी पाय टिकतात.

काही घरांत दार बंद झाल्याने धोका आत कोंडला गेला. दारूची दुकाने एका दिवसात बंद झाली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, माणूस बरळतो. यातले गंभीर रुग्ण दगावतातही. कुटुंबाला हे ‘वेड लागले’ असे वाटते किंवा ‘बरे झाले, सुटली’ असे वाटते. खरे तर ही तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते आणि यावर परिणामकारक औषधे आहेत. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे दारू न मिळाल्याने सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला.

मारहाण करणाऱ्या माणसाबरोबर एकाच खोलीत कोंडल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘घरात राहा, सुरक्षित राहा’ या वाक्याचा दुसरा भाग खोटा होता. ५ एप्रिल २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी घरातल्या हिंसाचारात जगभर झालेल्या वाढीबद्दल सर्व सरकारांना जाहीर आवाहन केले. १० एप्रिलला राष्ट्रीय महिला आयोगाने तक्रारीसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. नवरा समोर बसलेला असताना फोनवर बोलणे शक्य नव्हते, म्हणून लिहून कळवण्याची ही सोय.

पुढच्या वेळेसाठी

ज्या कायद्याखाली २०२० मध्ये घरे बंद झाली, तो साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या काळातला. तेव्हा पुण्यात सैनिक घरांत शिरून रुग्ण शोधत होते आणि लोक घरातला आजारी माणूस लपवत होते. सव्वाशे वर्षांनी पोलिस घराबाहेर थांबले आणि आतले सगळे कुटुंबावर सोपवले गेले. दोन्ही वेळी एक दुवा निसटला. घराला काय जमेल आणि काय जमणार नाही, हे आधी विचारणे, आणि जिथे जमणार नाही तिथे मदत पोचवणे. एप्रिलच्या अखेरीस सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरी राहण्याची परवानगी मिळाली ती घरात सोय असल्याची खात्री करून. तोच प्रश्न पाडव्याच्या आधी विचारला गेला असता, तर दाट वस्त्यांसाठी शाळा आणि मंगल कार्यालये पहिल्याच आठवड्यात तयार ठेवता आली असती.

शासनाने करायचे ते शासनाने करावे. कुटुंबाच्या हातात जे आहे, ते साधे आहे आणि साथीची वाट न पाहता आजच करता येते. नियमित औषधांचा किमान एक महिन्याचा साठा घरात असावा आणि नवी पट्टी फोडली की पुढची आणावी. औषधांची नावे, मात्रा, रक्तगट, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा क्रमांक एका कागदावर लिहून तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. त्याचे छायाचित्र पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या फोनमध्येही असावे, कारण रेल्वे बंद झाली की तो येऊ शकणार नाही, पण फोनवर सांगू शकेल. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवावे. वीज किंवा फ्रिज नसेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात कोरड्या डबीत बंद करून पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या कापडात ठेवलेल्या मडक्यात ते बरेच टिकते. घरी तापमापक, रक्तदाबाचे यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असल्यास वापरून पाहिलेला असावा. डायलिसिस किंवा रक्त लागणाऱ्या रुग्णाच्या घरी दुसरे जवळचे केंद्र आणि दुसरे वाहन आधीच ठरलेले असावे. घरात कोणी तापाने आजारी पडला तर कोणती खाट, कोणती खिडकी, सेवा कोण करणार आणि त्याच्या वाटचे काम कोण घेणार, हे एकदा सर्वांनी बसून बोलावे.

आणि काही वेळा घराने स्वतःहून दार उघडले पाहिजे. छातीत दाब किंवा कळ, अचानक वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, अडखळलेली वाचा, धाप, झटका, गरोदर स्त्रीला रक्तस्राव, बाळाने दूध सोडणे. यांपैकी काहीही झाले तर कोणतीही टाळेबंदी रुग्णालयात जाण्यापासून अडवत नाही, आणि तेव्हाही अडवत नव्हती. १०८ ची रुग्णवाहिका त्या दिवसांतही धावत होती. मनाचा तोल जात असेल तर आता १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीत बोलता येते, घरात हिंसा होत असेल तर १८१ आहे आणि अडचणीतल्या मुलासाठी १०९८. हे चार क्रमांकही त्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावेत.